ममता ढोके यांचं घर

दारात उभ्या क्रीडा शिक्षकांनी वर्तमानपत्राचं जुनं कात्रण पुढे केलं. "ममता ढोके इथंच राह्यतात का? दहा हजार मीटर धावाच्या. भारताकडून तीन देशांत धावल्या. शाळेत सत्कार करून राह्यलो त्यायचा."

वैष्णवीनं हातातलं तूर पाखडायचं सूप खाली ठेवलं. पाठीवर तिरंगा घेतलेल्या, फोटोतल्या पोरीकडे तिनं नीट पाहिलं.

"नाई जी. कोनी ममता नाई राह्यत इथं."

सर बाभुळगावच्या रस्त्याला लागले. ती पुन्हा तूर पाखडायला बसली.

&nbsp;

सूप अर्धं झाल्यावर तिला आठवलं, लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'वैष्णवी' असं लिहिलं, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती ममताच होती.