आयच्या नंबरावर

मृणाली पाटावर बसली, बायांनी हळदीची वाटी उचलली, आणि तिच्या बापाच्या, कान्हूच्या, फोनने ओटीपी मागितला.

फोन नवा होता. जुना मिठागरात पडला आणि खाऱ्या पाण्याने गेला. आता त्याच्या आईने, धोंडुबाईने, गायलेले धवले, म्हणजे हळदीची गाणी, नव्या फोनवर उघडायचे, तर ज्या नंबरावर ते ॲपवरून विकत घेतले त्याच नंबरावर ओटीपी येणार. आणि कान्हूने ते घेतले होते आईच्या नंबरावर. आवाज आयचा, मग नाव पण आयचंच, एवढा साधा विचार. धोंडुबाई धवलारीण होती. खाडीकाठच्या गावांत तिने धवला म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. नातीच्या हळदीलाही मीच गाणार म्हणायची, आणि गेल्या वर्षी शिमग्याआधी गेली. मेलेल्या माणसाचा फोन रिचार्ज करतं कोण? नंबर बंद पडून दुसऱ्या कुणाला गेला.

कान्हूने तो नंबर लावला. एका बाईने उचलला.

"ताई, तुमच्या फोनवर ओटीपी आला असंल. तेवढा सांगा. माझ्या आयची गाणी हायेत, पोरीची हलद हाय."

"ओटीपी कुणाला सांगायचा नसतो," बाई म्हणाली आणि फोन ठेवला. तिचं तरी काय चुकलं. परत लावला, तर उचललाच नाही.

"आजी गायल्याशिवाय नको लावूस हळद," मृणालीने आईला, सरूला, हळूच सांगितलं. 

जोहे गावचा डीजेवाला सुजय स्पीकरपाशी उभा राहून सगळं ऐकत होता. "काका, माझ्याकडं हायेत आजीचे धवले. फुकटचे. लावू?"

 हेच फुकटचे धवले फोनाफोनांवर फिरायला लागले, तेव्हा धोंडुबाईने अख्खी आळी डोक्यावर घेतली होती. माझा गला चोरून आयकाल तर माझ्या दारात येव नका, म्हणाली होती. म्हणून तर कान्हूने विकत घेतले.

त्याने लेकीकडे पाहिलं. "लाव," म्हणाला.

आवाज आला. तोच, जरासा घोगरा. मृणालीने डोळे मिटले. सरूने तिच्या गालाला हळद लावली. तेवढ्यात धवल्याच्या मधोमध स्पीकरमधूनच कुणीतरी ओरडलं, "डीजे सुजय, जोहे!"

बायांचे हात थांबले. सुजयची मान खाली गेली. "कुणी कॉपी चोरू नये म्हणून नाव घालतो काका," तो पुटपुटला.

मग तसंच चाललं. आजीचा शब्द आला की हात चालायचे, सुजयचं नाव आलं की थांबायचे.

मांडवाच्या खांबाला धोंडुबाईचा फोटो टांगला होता. त्याच्याकडे न बघता कान्हू म्हणाला, "आये, चोरून आनली गो तुला."