खालचा स्विच

घर विकायला काढलं तेव्हा डिझायनरने स्पष्टच सांगितलं, "म्हाताऱ्या माणसाची खोली दिसली की घराचा भाव पडतो." मग आईचा पलंग गोदामात गेला, तिच्या खोलीची स्टडी रूम झाली. गिऱ्हाईक येणार असलं की मुलगा तिला बागेत बसवून यायचा. आज तहान लागली म्हणून ती वर आली आणि घर बघणाऱ्या जोडप्यासमोर उभी राहिली. मुलाचा चेहरा पाहून म्हणाली, "मीही घरच बघायला आलेय." तो सगळ्यांना खोल्या दाखवू लागला. स्टडी रूममध्ये जोडप्यातल्या बाईंनी विचारलं, "स्विच इतका खाली का?" आईच म्हणाली, "पडल्यापडल्या हात पोचावा म्हणून असेल. करणाऱ्याला बायकोची काळजी असणार." "तुम्हाला आवडलं?" बाईंनी तिला विचारलं. "छान आहे. घरी विचारून कळवते." निघताना न बघताच हात खाली नेऊन तिने दिवा मालवला. बाई मुलाकडे बघत राहिल्या. त्याला मान वर करवेना.