उजवा पंख

स्टंट वैमानिक लाइलने चित्रपटांसाठी अकरा विमानं मुद्दाम जमिनीवर आपटली होती. “डावा पंख आधी टेकवतो, म्हणून वाचतो,” तो सांगायचा. मी त्याचा मेकॅनिक. स्वतःचा चित्रपट त्याने कधीच पाहिला नव्हता. एकदा मीच त्याला लॉस एंजेलिसच्या थिएटरात ओढून नेलं. पडद्यावर विमान कोसळलं. आधी टेकला उजवा पंख. कुंपणाच्या तारेत अडकून विमान उलटलं, निखळलेलं इंजिन लाइलच्या कानाजवळून गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाइल पुढचाही खेळ बघत बसला. बाहेर त्याने विचारलं, “तुला माहीत होतं?” “विमानांचे सांगाडे मीच उचलतो,” मी म्हणालो, “दरवेळी उजवाच पंख चुरलेला असतो.” “बोलला का नाहीस, गाढवा?” “तू डाव्या पंखाच्याच भरवशावर उडत होतास.” सोमवारी दिग्दर्शकाने विमान आपटायची खूण म्हणून रुमाल हलवला. बारावं विमान गव्हाच्या शेतावर तिरपं आलं, सरळ झालं आणि चाकांवर अलगद उतरलं.