रुखवतातली बरणी

शेंदूरजनाघाटच्या आकांक्षाने लग्नाच्या रुखवतात स्वतः केलेला संत्र्याचा मुरब्बा मांडला होता. अकोल्याला सासूबाईंनी ती बरणी बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या, "आमची सून फूड टेक्नॉलॉजी शिकली हाय." तिने नोकरीचं विचारलं की म्हणायच्या, "पाहू दिवाळीनंतर."

तीन दिवाळ्या झाल्या. केशरी मुरब्बा तपकिरी पडला.

"आई, उजेडानं रंग जाते याचा. खाऊन टाकू आता."

"खावासाठी नाही थे. दाखवासाठी हाय."

आकांक्षाने पुसायला बरणी उचलली. कपाटात त्या बरणीच्या मागे आणखी एक बरणी होती, डांबरासारखी काळी.

"अन् ही कशाची, आई?"

सासूबाईंनी काळ्या बरणीवरची धूळ पदराने पुसली.

"संत्र्याचीच. माह्या रुखवतातली."