समाधानाचं पाणी

आई गेली, आणि तिला शेवटची आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. जामलीने घागर गावनळाखाली ठेवली आणि चेहरा वर केला.

"समाधान दिसत नाही," नळ गोड आवाजात म्हणाला. "कृपया हसा."

परदेशी निधीतून आलेला हा नळ समाधानी चेहरा बघूनच सुटायचा. गावाचा विकास झाल्याचा तोच पुरावा तिकडे पोचायचा. एरवी जामली दात दाखवून मोकळी व्हायची. आज ओठच हलेनात. शेजारणी पुढे झाल्या, पण मयताच्या पाण्यासाठी हसायचं कसं? एकेकीने तोंडाला पदर लावला.

"अरे, माणूस मेलंय!" गुमानकाका नळावर खेकसले. "आज तरी सोड!"

"कृपया हसा."

जामली घरात गेली. भावाच्या मदतीने तिने आईला उचलून आणलं. वर्षानुवर्षं नळापुढे हसून आईचा चेहरा तसाच राहिला होता. मेल्यावरही ओठ मिटले नव्हते. जामलीने तो चेहरा नळासमोर धरला.

घागर भरू लागली.

"धन्यवाद," नळ म्हणाला. "आज गावात एवढं समाधानी कुणीच दिसलं नाही."