वडाखालची मिरवणूक

“गाडी वळवा,” पद्मावतीबाई नवऱ्याला म्हणाल्या. “म्हणे शांत गाव! इथं तर बँड वाजतोय.”

इचलकरंजीत घराला लागूनच यंत्रमाग. पस्तीस वर्षं त्या खडखडाटात गेली होती. निदान उन्हाळ्याचे दोन महिने निवांत जावेत म्हणून दोघं घर शोधत हिंडत होती. घाटमाथ्यावरचं हे पाचवं गाव. इथंही जमलं नाही तर नाद सोडायचा, असं भूपालरावांनी निघतानाच सांगून टाकलं होतं.

समोरून नवरदेवाची मिरवणूक आली, त्यामुळं गाडी वळवताही येईना. आणि एकाएकी बँड थांबला. वाजंत्र्यांनी वाद्यं छातीशी धरली. नवरदेव घोड्यावरून उतरला. दीडदोनशे माणसं गप्प झाली आणि रस्त्याकडेच्या अवाढव्य वडाखालून दबक्या पावलांनी चालू लागली.

बाई खाली उतरल्या. वर पाहिलं, तर फांदीफांदीला सुपाएवढी मोहोळं लटकलेली. अख्ख्या झाडातून एकच खोल गुंजारव येत होता. तो त्यांना तळपायांत जाणवला.

मिरवणुकीतल्या एका म्हातारीनं त्यांचा हात धरून त्यांना पलीकडं नेलं.

“नेहमी असंच?” बाईंनी कुजबुजत विचारलं.

“माझ्या लग्नात बी हितं वाजलं न्हाई,” म्हातारी म्हणाली. “त्येंचं घर हाय न्हवं ते.”

वळणापलीकडं बँड पुन्हा दणक्यात सुरू झाला. भूपालरावांनी काळजीनं बायकोकडं पाहिलं. बाईंचे डोळे भरून आले होते.

“हेच गाव,” बाई म्हणाल्या. “घर कुठलंही चालेल.”