वाढदिवसाचे पस्तीस डॉलर

"पस्तीस डॉलर कमी आलेत, लमार. आधी ते आण, मग लेकीला भेट."

व्हर्लीनने जाळीचं दार उघडलंच नाही. बाहेर लमार केकचा डबा धरून उभा होता. ओपलच्या आवडीचा कॅरामेल केक, त्याने स्वतः केलेला. दोघं वेगळे होऊन पाच वर्षं झाली होती, पण केक करायचा त्याने कधी सोडला नव्हता.

"अगं, पोटगी कारखान्यात पगारातूनच कापतात. माझ्या हातात येते कुठे?"

"डिसेंबरातच बरी कमी पडते रे दरवर्षी! पोरीचा वाढदिवस आला की तुझा खिसा फाटतो."

भांडणं लमारला कधी जमलंच नाही. डबा पायरीवर ठेवून तो निघून गेला. पुढच्या आठवड्यात तो पस्तीस डॉलर रोख आणून देणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तोवर वाढदिवस शिळा झालेला असायचा. ओपल आत खिडकीशी उभी होती. आज ती दहा वर्षांची झाली होती.

या खेपेला मात्र व्हर्लीनचं डोकं फिरलं. याला एकदा सरकारी हिसका दाखवायचाच! ओपलला घेऊन ती तडक पोटगी-वसुलीच्या कचेरीत गेली.

खिडकीमागच्या बाईने कॉम्प्युटरवर पाहिलं. "त्यांनी एक सेंटही बुडवलेला नाही, मॅडम. पस्तीस आम्ही घेतलेत. वसुलीची वर्षाची फी."

"मग ती त्याच्याकडून घ्या ना!"

"नियमाने तुमच्याच वाट्यातून जाते. ठरावीक वसुली झाली की आपोआप कापली जाते. तुमची दरवर्षी डिसेंबरात होते."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती व्हर्लीन इतकी वर्षं आपल्या हाताने देत आली होती. वर संन्याशाकडून दंडही घेत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरून केक उचलून ती थेट लमारकडे गेली. "तू गाडीत थांब, आधी मला बोलू दे," असं ओपलला सांगून तिने दार वाजवलं. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं.

लमार जाळीआड आला. तिला बघून दचकला. तिने तोंड उघडायच्या आत घाईघाईने म्हणाला, "व्हर्लीन, पगार शुक्रवारी आहे गं. शप्पथ, शुक्रवारी देतो. तोवर तिला गाडीतच राहू दे, मी इथूनच बघतो."